सांगलीच्या एसटीचं ज्ञान संगणकाला कसं शिकवायचं: नवख्यांसाठी मार्गदर्शक

वाहतुकीवर संगणकाचं काम करायचं ठरवलेले बहुतेक विद्यार्थी थेट कॅमेरे, सेन्सर आणि मशीन लर्निंगकडे वळतात. सांगली-मिरजेसारख्या ठिकाणी त्याआधीचं एक काम मोकळं पडलं आहे. इथल्या गाड्या, रस्ते, नदी आणि प्रवासी यांचं एकमेकांशी काय नातं आहे, हे चालक-वाहकांना, वाहतूक नियंत्रकांना आणि रोजच्या प्रवाशांना तोंडपाठ असतं. ते संगणकाला वापरता येईल अशा रीतीने लिहून काढायचं, एवढंच हे काम आहे. अशा मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात, आणि तिच्यात प्रत्यक्ष थांबे, फेऱ्या, गाड्या भरल्या की तिला नॉलेज ग्राफ म्हणतात. तुम्हाला थोडीफार संगणकाची ओळख आहे आणि एसटीने प्रवास केलेला आहे, एवढं धरून मी पुढे लिहितो.

हे काम का करायचं ते मुक्कामी गाडीवरून कळतं. संध्याकाळी उशिरा गाडी शहरातून सुटते, रात्री गावात पोचते, चालक-वाहक तिथेच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची मुलं, दवाखान्याला निघालेली माणसं, बाजाराला जाणाऱ्या बाया घेऊन शहराकडे येते. आता तिकिटांचे आकडे पाहा. रात्रीची फेरी जवळजवळ रिकामी, डिझेल मात्र पूर्ण जळलेलं. केवळ आकडे पाहणारी प्रणाली ही फेरी बंद करा असं सुचवेल, आणि वर पर्यावरणाचं कारणही देईल. पण रात्रीची गेली की सकाळचीही जाते, कारण सकाळी गावात गाडीच नसते. मग मुलगा मोटारसायकल घेतो आणि मुलीचं कॉलेज सुटतं. रात्रीच्या फेरीमुळे सकाळची फेरी शक्य होते, हे नातं तिकिटांच्या कोणत्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं. ते लिहायला जागा करणं हे तुमचं काम आहे.

१. आधी प्रश्न लिहा

संगणक उघडायच्या आधी वहीत दहा-पंधरा प्रश्न लिहा. तयार झालेल्या मांडणीला ज्यांची उत्तरं देता आली पाहिजेत असे, खऱ्या माणसांना पडणारे प्रश्न. उदाहरणार्थ:

रात्री मिरज जंक्शनला उतरलेल्या माणसाला विश्रामबागला जायला गाडी आहे का?
आयर्विन पुलाजवळ पाणी धोक्याच्या पातळीला गेलं तर कोणत्या फेऱ्या अडतील?
मिरजेहून अथणीला जाणाऱ्या एसटीत बाईला तिकीट किती पडेल?
ही फेरी बंद केली तर आणखी कोणती फेरी बंद पडेल?
एका प्रवाशामागे या फेरीचा धूर किती?

हे प्रश्न म्हणजे तुमच्या कामाचं कुंपण. ज्या गोष्टीशिवाय यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर अडत नाही, ती गोष्ट मांडणीत घेऊ नका. नवखा माणूस बसच्या टायरचा आकार, सीटचा रंग असं सगळं भरत बसतो आणि सहा महिन्यांनी थकून सोडून देतो. प्रश्न लिहिताना स्टँडवरच्या दोन-तीन जाणत्यांना विचारा की लोक चौकशीच्या खिडकीवर काय विचारतात. ती यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगली असते.

२. लोक जे शब्द वापरतात तेच घ्या

प्रश्नांतली नामं अधोरेखित केलीत की मांडणीतल्या वस्तू मिळतात: थांबा, मार्ग, फेरी, गाडी, आगार, रस्त्याचा तुकडा, प्रवासी, सवलत. पण इथल्या बोलीत याहून बारीक भेद आहेत आणि ते सोडता कामा नयेत. विनंती थांबा हा नेहमीच्या थांब्यापेक्षा वेगळा असतो, तिथे हात केला तर गाडी थांबते. विनाथांबा गाडी मधे कुठेच थांबत नाही. जादा गाडी वेळापत्रकात नसते पण यात्रेला हमखास असते. आणि वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीप. आपल्याकडे किती माणसं वडापच्या जीपने येतात-जातात हे सगळ्यांना माहीत आहे, पण सरकारी माहितीत वडाप कुठेच दिसत नाही. तुमच्या मांडणीत ते यायलाच हवं. ठरलेलं वेळापत्रक नाही, गाडी भरली की सुटते, मार्ग साधारण ठरलेला: एवढं लिहिलंत तरी पुरेसं आहे.

मार्ग आणि फेरी यांत गोंधळ करू नका. सांगली ते तासगाव हा मार्ग. त्यावर सकाळी ठरलेल्या वेळी सुटणारी गाडी ही फेरी. आणि त्या दिवशी त्या फेरीला लावलेली नंबरप्लेटवाली बस हे वाहन. तिन्हींना वेगवेगळी जागा दिली नाहीत तर पुढे धुराचा हिशेब करताना सगळं अडतं.

३. वर्गीकरण करताना घाई नको

वस्तूंचे वर्ग पाडताना मोह होतो: वाहन, त्याखाली बस, रेल्वे, रिक्षा, आणि वाहन म्हणजे प्रवासी नेणारं, असा नियम. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी गेलं. वाघिणी (मालडबे) पाण्याने भरलेल्या, प्रवासी एकही नाही. ‘रेल्वे म्हणजे प्रवासी नेणारी’ असा नियम तुम्ही घातला असता तर ही गाडी तुमच्या मांडणीत बसलीच नसती. म्हणून वाहन काय आहे हे एकीकडे ठेवा आणि ते काय नेतं हे दुसरीकडे, नात्याच्या रूपात. ऊस नेणारी बैलगाडी आणि ट्रॅक्टरची डबल ट्रॉली यांनाही मग आपोआप जागा मिळते. त्या नसतील तर हंगामातल्या रस्त्याचं चित्र अपुरं राहतं.

४. नातं हेच ज्ञान

या पद्धतीत प्रत्येक गोष्ट तीन भागांच्या छोट्या वाक्यात लिहितात: कोण, कोणतं नातं, कोणाशी. जागतिक वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने याच पद्धतीला आरडीएफ नावाचं प्रमाण रूप दिलं आहे. आपल्या मुक्कामी गाडीसाठी ते असं दिसेल:

फेरी-रात्र — प्रकार — मुक्कामी फेरी
फेरी-रात्र — शेवटचा थांबा — गाव-क
फेरी-सकाळ — पहिला थांबा — गाव-क
फेरी-सकाळ — अवलंबून आहे — फेरी-रात्र

शेवटची ओळ पाहा. या एका ओळीने प्रणालीला कळतं की रात्रीच्या फेरीचा हिशेब एकटीचा करायचा नाही. ‘अवलंबून आहे’ हे नातं साखळीने पुढे जातं असंही मांडणीत सांगता येतं: तिसरी फेरी दुसरीवर आणि दुसरी पहिलीवर अवलंबून असेल, तर तिसरी पहिलीवरही अवलंबून असते. असे निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रॅमला रीझनर म्हणतात. तुम्ही दोन ओळी लिहिता, तिसरी तो काढतो. एक गाडी दिवसभर सात-आठ फेऱ्या करते तेव्हा याचा उपयोग लगेच कळतो.

नावं आणि ओळख यांची गल्लत टाळा. प्रत्येक थांब्याला, गावाला एक न बदलणारा क्रमांक द्या आणि नावं त्याला चिकटवा, भाषेसह आणि कालावधीसह. इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. आपण विजापूर म्हणतो त्या शहराचं अधिकृत नाव २०१४ पासून विजयपुरा आहे. लोकांच्या तोंडी दोन्ही नावं राहतात, आणि चौकशी करणाऱ्याला दोन्हींनी उत्तर मिळालं पाहिजे. नावालाच ओळख केलंत तर नाव बदलेल त्या दिवशी शेकडो ओळी मोडतील.

५. काळ लिहा, नाहीतर सगळं खोटं ठरतं

वाहतुकीतली जवळजवळ कोणतीच गोष्ट कायमची खरी नसते. म्हणून प्रत्येक विधानाला कधीपासून, कधीपर्यंत आणि कोणत्या दिवशी हे जोडा.

वेळापत्रकासाठी जगभर जीटीएफएस नावाची पद्धत चालते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गूगल यांच्या कामातून ती सुरू झाली. थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरची वेळ आणि वार अशा साध्या मजकुराच्या फाइल्स असतात. मुक्कामी आणि रातराणी गाड्यांसाठी तिच्यातली एक सोय चांगली आहे: मध्यरात्रीनंतरची वेळ आदल्या दिवसाच्याच हिशेबात २५:१० अशी लिहिता येते, म्हणजे रात्री एक वाजून दहा मिनिटं. त्यामुळे फेरी दोन तारखांत तुटत नाही.

पण वारांवर आधारलेलं वेळापत्रक आपल्याला पुरत नाही. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला आणि औदुंबरला गर्दी असते, आणि पौर्णिमा कोणत्या वारी येईल ते पंचांग ठरवतं. जीटीएफएसमध्ये अशा तारखा अपवाद म्हणून एकेक लिहाव्या लागतात. नॉलेज ग्राफमध्ये मात्र ‘पौर्णिमा’ हाच एक प्रकारचा दिवस म्हणून ठेवता येतो, त्याला दर वर्षीच्या तारखा जोडायच्या आणि जादा गाडी ‘पौर्णिमा’ या प्रकाराशी बांधायची. पुढच्या वर्षी फक्त तारखा बदलतील, नियम तोच राहील. आठवडी बाजार, शाळेच्या सुट्ट्या, कारखान्यांचा गाळप हंगाम हेही असेच दिवसांचे प्रकार आहेत. हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असल्या की गाडीला लागणारा वेळ बदलतो. तेव्हा त्या तुकड्याचा प्रवासवेळ एकच आकडा म्हणून लिहू नका.

६. सवलतीचा नियम: सीमेवरची परीक्षा

यावर मला जरा थांबायचं आहे, कारण नवख्याला मांडणीची ताकद इथे सगळ्यात लवकर कळते.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट आहे, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे. पहिला विचार येतो तो असा की प्रवाशाला ‘सवलत ५० टक्के’ असा गुण चिकटवला की झालं. आता मिरजेहून म्हैसाळ, कागवाडमार्गे अथणीला निघा. म्हैसाळ महाराष्ट्रात, कागवाड कर्नाटकात. महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू आहे. म्हणजे एकाच गाडीत, एकाच सीटवर, त्याच बाईला काही अंतर निम्म्या दराने आणि पुढचं पूर्ण दराने जावं लागतं. त्याच रस्त्यावर कर्नाटक परिवहनाची गाडी आली तर महाराष्ट्राची ही सवलत तिच्यात नाहीच. कर्नाटकाची स्वतःची, महिलांना मोफत प्रवास देणारी शक्ती योजना जून २०२३ पासून आहे, पण तिच्या अटी निराळ्या आहेत.

तेव्हा सवलत हा प्रवाशाचा गुण नाही, गाडीचाही नाही. ती तीन गोष्टी एकत्र आल्यावर लागू होते: प्रवासी कोणत्या गटातला, गाडी कोणत्या संस्थेची आणि रस्त्याचा तुकडा कोणत्या राज्यातला. मांडणीत ‘सवलत’ ही स्वतंत्र वस्तू करा आणि तिला चार नाती द्या:

सवलत-महिला — लागू गट — महिला प्रवासी
सवलत-महिला — लागू संस्था — महाराष्ट्र एसटी
सवलत-महिला — लागू हद्द — महाराष्ट्र
सवलत-महिला — सुरुवात — १७-०३-२०२३

आणि मार्गाचे तुकडे पाडताना राज्याच्या सीमेवर एक तुकडा संपवा, तिथे थांबा नसला तरी. एवढं केलंत की भाड्याचं उत्तर आपोआप निघतं, आणि उद्या नवी योजना आली तर फक्त चार ओळी वाढवायच्या, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. भाड्याचे नियम प्रोग्रॅमच्या पोटात दडवलेले असले की बदलाच्या वेळी ते शोधायला जुना प्रोग्रॅमर गाठावा लागतो. नियम सगळ्यांना वाचता येतील असे बाहेर काढून ठेवणं मला या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

७. नदी

सांगलीत वाहतुकीची मांडणी कृष्णेशिवाय होऊच शकत नाही. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

मोजणीसाठी नवीन शब्द बनवू नका. सोसा नावाची तयार मांडणी डब्ल्यूथ्रीसीने २०१७ मध्ये प्रमाण केली आहे. तिच्यात मोजणारं साधन, मोजलेली वस्तू, मोजलेला गुण, आलेला आकडा आणि वेळ अशा जागा आहेत. साधन म्हणजे पुलाजवळची मोजपट्टी वाचणारा माणूसही असू शकतो. त्यामुळे महागडा सेन्सर नाही म्हणून काम अडत नाही.

खरं ज्ञान याच्या पुढचं आहे: आयर्विनजवळ किती फूट पाणी आलं की कोणता रस्ता बुडतो. हरिपूर, सांगलीवाडी, अंकली या बाजूंचे लोक हे अचूक सांगतात. प्रत्येक तुकड्याला ‘बुडण्याची पातळी’ हे नातं द्या, आकडा गावकऱ्यांकडून घ्या आणि कोणत्या वर्षीच्या अनुभवावरून सांगितला तेही नोंदवा, कारण भराव टाकला किंवा पूल झाला की आकडा बदलतो. मग पातळी वाढताना कोणत्या फेऱ्या अडतील, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आणखी कोणत्या पडतील आणि मिरजेच्या रुग्णालयांकडे जाणारी कोणती वाट उरते, हे एका विचारणीत मिळतं. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात हे उत्तर हाताशी असणं मोलाचं आहे.

८. धुराचा हिशेब फेरीवर करा

‘बस पर्यावरणपूरक’ असा शिक्का वाहनावर मारू नका. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलला साधारण २.३ किलो. हिशेबासाठी धरा की बस लिटरला ४ किलोमीटर जाते आणि मोटारसायकल ५०. बसचा किलोमीटरला ६७५ ग्रॅम आणि मोटारसायकलचा ४६ ग्रॅम येतो. बसमध्ये ४० जण असतील तर माणशी १७ ग्रॅम, १० असतील तर साधारण ६८. म्हणजे साधारण १५ प्रवासी झाले की बस एकट्या मोटारसायकलस्वारापेक्षा हलकी पडते. दोघं एका मोटारसायकलवर असतील तर बसला जवळजवळ ३० प्रवासी हवेत.

यावरून दिसतं की पर्यावरणपूरकता फेरीत असते, आणि माणसं किती बसली हे कळल्याशिवाय ती काढता येत नाही. मुक्कामी गाडीचा हिशेबही रात्र आणि सकाळ जोडून करा. इलेक्ट्रिक बसलाही तसंच: किलोमीटरला एक युनिट वीज धरली आणि ती वीज मुख्यतः कोळशाची असली तर कार्बन डिझेल बसच्या आसपासच येतो, सौर विजेवर चार्ज केली तर फार कमी. स्टँडवर आणि चौकात धूर मात्र दोन्ही वेळा शून्य. म्हणून ‘ऊर्जेचा स्रोत’ आणि ‘धूर कुठे निघतो’ ही दोन नाती वेगळी ठेवा. वर धरलेले आकडेसुद्धा मांडणीत ‘गृहीत’ म्हणूनच लिहा, म्हणजे आगाराकडून खरे आकडे मिळाले की बदलता येतील.

९. साधनं

फार खर्च नाही. वर्ग आणि नाती लिहायला स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं प्रोटेजे हे मोफत सॉफ्टवेअर आहे. थांबे आणि रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून घेता येतात, पण परवान्याप्रमाणे त्यांचं श्रेय द्या, आणि जे थांबे तिथे नाहीत ते आधी तिथेच भरा म्हणजे सगळ्यांना मिळतील. माहिती साठवायला अपाची जेना फुसेकी हे मोफत सॉफ्टवेअर, विचारायला स्पार्कल ही विचारणीची भाषा. वस्तूंच्या ओळखखुणा (आयडी) देवनागरीतही लिहिता येतात, तरी मी क्रमांक वापरा असंच सांगेन.

एक गोष्ट नीट समजून घ्या. या पद्धतीत एखादी गोष्ट लिहिलेली नसली तर ती खोटी धरली जात नाही, फक्त माहीत नाही असं धरलं जातं. रात्री दहानंतरची फेरी नोंदलेली नाही म्हणून गाडीच नाही असं रीझनर म्हणणार नाही. प्रवाशाला मात्र हो किंवा नाही हवं असतं. म्हणून कोणत्या मार्गाचं वेळापत्रक पूर्ण भरलं आहे याची वेगळी नोंद ठेवा. आणि शॅकल नावाच्या तपासणीच्या नियमांनी प्रत्येक फेरीला किमान दोन थांबे, प्रत्येक थांब्याला मराठी नाव, प्रत्येक सवलतीला सुरुवातीची तारीख आहे का ते पडताळून घ्या.

प्रवाशांची, चालकांची वैयक्तिक माहिती यात आणू नका. गर्दी किती हे पुरे, कोण होतं ते नको.

१०. उत्तरं मोठ्याने वाचून दाखवा

सुरुवातीला एकच मार्ग घ्या. सांगली–मिरज शहरी मार्ग चांगला: विश्रामबाग, विलिंग्डन कॉलेज, वॉनलेसवाडी असे ओळखीचे थांबे, पुढे रेल्वेची जोड, आणि चुका लगेच दिसतात. तो भरून झाला की पहिल्या पायरीतले प्रश्न प्रणालीला विचारा आणि आलेली उत्तरं त्या मार्गावर रोज काम करणाऱ्या वाहकाला, नियंत्रकाला, रोज ये-जा करणाऱ्या बाईला वाचून दाखवा. आकृत्या दाखवू नका, वाक्यं वाचा. ‘असं नसतं, बाजाराच्या दिवशी ती गाडी आतून जाते’ असं कोणी म्हणालं की ते वाक्य जसंच्या तसं वहीत घ्या, मग ते कोणत्या नात्यात बसतं ते पाहा. बसत नसेल तर नवं नातं करा. ज्यांनी सांगितलं त्यांच्या कामाचा उल्लेख, त्यांची परवानगी घेऊन, ‘सांगणारे: वाहक, सांगली आगार’ इतक्या मोघम रूपात ठेवा. महिन्याने त्याच माणसांकडे सुधारलेली उत्तरं घेऊन परत जा. त्यांच्या हरकती थांबल्या की दुसरा मार्ग घ्या, आणि तो मुक्कामी गाडीचा असू द्या.